कानात तेल

हेडफोन ज्या कुणी शोधून काढला त्यानं तो स्वतः आठ तास कानावर ठेवून पाहिलेला नसणार, असं अंधेरीच्या कॅसेट कारखान्यातल्या बायकांचं ठाम मत होतं. अर्धा तास गाणी ऐकायची असतील तर ठीक आहे. पण सकाळी साडेआठपासून संध्याकाळी पाचपर्यंत तो पोटासाठी चढवायचा म्हणजे शिक्षाच. पहिला तास काही वाटत नाही. दुसऱ्या तासाला कानाची पाळी गरम व्हायला लागते. तिसऱ्याला दुखणं जबड्यात उतरतं, डब्यातली भाकरी चावताना कळ येते. चौथ्यानंतर कान बधिर होतो आणि बाई समजते की आता बरं वाटतंय. बरं कसलं वाटतंय, रक्त पोचत नसतं एवढंच.

कारखाना म्हणजे तरी काय, औद्योगिक वसाहतीतले दुसऱ्या मजल्यावरचे दोन गाळे. एका गाळ्यात कॉपी करणारी यंत्रं, मूळ टेपवरची गाणी एकाच वेळी वीस-वीस कोऱ्या टेपांवर उतरवणारी. शेजारच्या गाळ्यात भिंतीला लागून सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक टेपरेकॉर्डर आणि एक हेडफोन. तिथं चेकर बायका बसायच्या. प्रत्येक लॉटमधली एक कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू ऐकायची. खरखर असेल, आवाज लाटेसारखा वरखाली होत असेल, नाहीतर मधेच दबला असेल, तर अख्खा लॉट परत. माल चोख असेल तर खोक्यात आपल्या नंबरची चिठ्ठी टाकायची. सहा बायकांचे सहा नंबर. हा शहाऐंशी सालचा हिशेब. तेव्हा कॅसेट पानपट्टीवालासुद्धा विकायचा आणि शेठचा माल मागणीला पुरा पडत नव्हता.

हेडफोन होते जुने, लोखंडी पट्टीचे. कानाला वेढून घेणारे नव्हेत, कानावरच चिमट्यासारखे बसणारे. पट्टीचा दाब असा की नारळ फुटावा. शुभा नावाची एक चेकर होती, सगळ्यांत लहान आणि तोंडाळ. ती रोज सकाळी विचारायची, "काय बायांनो, मुंडावळ्या बांधल्या का?" तेव्हापासून त्या खोलीत हेडफोनला मुंडावळ्याच म्हणायचे. मधली भिंत प्लायवूडची, पलीकडच्या यंत्रांची घरघर कानात यायची, कारण असला हेडफोन बाहेरचा आवाज काही अडवत नाही. मग आवाज वाढवायचा. यंत्रं मोठ्यानं घरघरली की अजून वाढवायचा. कान म्हणजे काही पाटा-वरवंटा नव्हे, पण हे त्या कानाला कोण विचारतो.

रत्नप्रभा पालव तिथं दोन नंबरच्या टेबलावर बसायची. तिला कामाला लावलं चार नंबरच्या जयंती मेस्त्रीनं. दोघी जोगेश्वरीच्या, गुंफांच्या वरच्या अंगाला एकाच ओळीत राहणाऱ्या, मूळच्या कणकवलीकडच्या. रत्नप्रभेचा नवरा गुणाजी परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होता. ब्याऐंशीच्या संपात बाहेर पडला तो बाहेरच राहिला. गिरणीनं पुन्हा बोलावलं नाही, आणि दुसरं काही करायचं तर हात साच्याशिवाय कशाला वळत नव्हते. घरात मुलगी अनुपमा, सातवीतली. जयंतीनं तेव्हा एका शब्दानं काही न विचारता रत्नप्रभेला कारखान्यात नेलं आणि सुपरवायझर पाठारे साहेबांना सांगितलं, हिचा कान तिखट आहे, घेऊन बघा.

आणि होताच तिखट. टेपमधला जो ओरखडा पाठारे साहेबांनाही दोनदा ऐकून सापडायचा नाही तो रत्नप्रभा पहिल्या झटक्यात पकडायची. वर्षभरात अशी ख्याती झाली की काही शंका असली तर कॅसेट तिच्या टेबलावर यायची. तिनं हो म्हटलं की विषय संपला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिचं म्हणणं असं ऐकून घेत होतं, त्यामुळे ती त्या लोखंडी चिमट्याचं दुखणंही गोड मानून घेत होती.

आता कानातल्या कुड्यांची गोष्ट. पाच जणी सकाळी आल्या की कुड्या काढून रुमालाच्या टोकाला बांधायच्या, कारण वरून हेडफोन दाबला की कुडीचं मळसूत्र मागच्या बाजूनं मांसात रुततं. रत्नप्रभा काढायची नाही. लग्न झालेल्या बाईनं बुच्च्या कानानं राहू नये हे तिच्या सासूनं पहिल्या दिवशीच बजावलेलं. सासू गावी, इथं बघायला येणार थोडीच होती. पण गुणाजीचं नशीब आधीच रुसलेलं, त्यात आपल्या हातानं आणखी खोट कशाला करा, असा तिचा विचार. विचार खुळचट म्हणाल तर खुळचट. पण ज्यांचं सगळं एकदा हातातून गेलंय त्यांना अशा बारीकसारीक गोष्टी धरून ठेवाव्या लागतात.

उजव्या कानाची पाळी आधी सुजली, मग फुटली. हेडफोनचे स्पंज कधी बदलत नसत, आलटून पालटून सगळ्याच तेच लावायच्या, घामानं ओले. जखम आत शिरली. कान ठणकायला लागला तसं रत्नप्रभेनं घरचं औषध केलं. लसणीची पाकळी टाकून खोबरेल कोमट केलं आणि कानात घातलं. ठणका कमी झाला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं महिनाभर. मग कान वाहायला लागला.

शेवटी ती अंधेरी स्टेशनजवळच्या एका खासगी डॉक्टरकडे गेली. कामगार विम्याच्या दवाखान्यात गेली असती तर कागद कारखान्यात पोचला असता. डॉक्टरनं आत दिवा घालून पाहिलं आणि विचारलं, तेल कधीपासून घालताय. तिनं सांगितलं. ते म्हणाले, "अहो बाई, कानात तेल घालून बसणं ही म्हण आहे, औषध नाही." पडद्याला भोक पडलंय, आतही पू आहे, आणि इतके दिवस मोठ्यानं ऐकल्यामुळे दुसऱ्याही कानावर ताण आहे. हेडफोन बंद करा, नाहीतर डावाही जाईल. त्यांनी थेंब लिहून दिले. थेंब तिनं घेतले. हेडफोनबद्दल जे सांगितलं ते मात्र तिनं खरंच कानात तेल घालून ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही.

उजवा कान गेलाय हे तिला कामावरच एकदा नीट कळलं. एका भजनाच्या कॅसेटमध्ये तबला उजवीकडून वाजतो हे तिला पाठ होतं, आणि त्या दिवशी तबला नव्हताच. लॉट परत करायला ती उठणार तेवढ्यात तिनं हेडफोन उलटा फिरवून लावला. तबला डाव्या कानात स्वच्छ वाजत होता. ती तशीच बसून राहिली. कॅसेट संपून खटका वर आला तरी बसून राहिली.

मग तिनं युक्ती काढली. कॅसेटची बाजू तीस मिनिटांची. पंधरा मिनिटं हेडफोन सुलटा, मग घाम पुसल्यासारखं करून काढायचा आणि उलटा चढवायचा, पुढची पंधरा मिनिटं दुसरा आवाज. दोन्हीकडचं अर्धं अर्धं तरी ऐकून होतं. जुन्या हेडफोनला दोन्हीकडून वायरी यायच्या, वरची इंग्रजी अक्षरं कधीच पुसलेली, त्यामुळे उलटा काय नि सुलटा काय कुणाला दिसत नव्हतं. जिथं शंका येईल तिथं ती पुन्हा मागे नेऊन ऐकायची. काम हळू झालं, पण तिचा लौकिक असा की सावकाश ऐकते म्हणजे बारकाईनं ऐकते असंच सगळे समजले.

बोलण्याचं अवघड होतं. उजवीकडून कुणी बोललं की नुसती कुजबुज यायची. चारदा "काय म्हणालात?" विचारलं की लोक बघायला लागतात. त्यावर उपाय तिनं घरातूनच घेतला. गुणाजी वीस वर्षं साचेखात्यात राहून अर्धा बहिरा झालेला, समोरचा बोलत असला की तो ओठांकडे बघून मान डोलवायचा. शंभरातल्या नव्वद गोष्टी मान डोलावून निभतात. चहा घेणार का, हो. गरम होतंय ना, हो. जाते मी, हो. रत्नप्रभाही मान डोलवायला लागली आणि चार महिने तिला कुणी पकडलं नाही.

पकडलं ते गुणाजीनंच. एका रविवारी तो तिच्या उजव्या बाजूला बसून मुलीच्या शाळेचं काहीतरी बोलत होता आणि ती मान डोलवत होती. तो बोलायचा थांबला. मग उठून डाव्या बाजूला येऊन बसला.

"तुझो उजवो कान गेलो," तो म्हणाला.

तिनं कानावर हात ठेवले. काहीतरीच काय, सर्दी झालीय.

"खोटा बोलू नको. माझो पण असोच गेलो."

काम सोड असं मात्र तो म्हणाला नाही. सोड म्हणायची त्याची सोय नव्हती. ते घर त्या एका डाव्या कानावर चाललं होतं आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आता जयंतीकडे येऊ. जयंती म्हणजे मुलखाची भांडखोर, पण दुसऱ्यासाठी भांडणारी. रत्नप्रभेचा सुजलेला कान तिनं पाहिलेला होता. बहिरेपणाचं तिला काही माहीत नव्हतं, फक्त जखम माहीत होती. एके दिवशी दोन नंबरच्या हेडफोनच्या स्पंजवर पिवळा डाग दिसला तसा तिनं तो स्पंज उपटला आणि पाठारे साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी नेऊन ठेवला. म्हणाली, हे तुमच्या घरच्या बाईच्या कानाला लावाल का? साहेबांनी चहा टाकून दिला. तेवढ्यावर ती थांबली नाही. आठवडाभर रोज त्यांच्यामागे लागली, मग शेठ आला तेव्हा शेठच्या मागे. अखेर श्रावणाच्या सुरुवातीला शेठच्या मेव्हण्यानं सिंगापूरहून सहा नवे हेडफोन आणले.

काय ते हेडफोन होते. वजनाला हलके, पट्टीवर गादी, कानावर बसणाऱ्या चकत्या मऊ, रेक्झिनच्या. कुणी दाबतंय असं वाटायचंच नाही. प्रत्येकीला आपापला, वर नंबर रंगवलेला. पहिल्या दिवशी बायका पाच वाजेपर्यंत ऐकत बसल्या आणि पाचला उठताना एकीनंही कान चोळला नाही. शुभा म्हणाली, आता ह्या मुंडावळ्या राहिल्या नाहीत, हा मोगऱ्याचा गजरा झाला. पाठारे साहेब वही घेऊन प्रत्येकीला विचारत फिरले, कसं वाटतं, दुखतं का, दिवसभर चालेल का. शेठला कळवायचं होतं.

रत्नप्रभा म्हणाली, जुनेच बरे होते.

सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. जयंती हसली, पण तिला लागलं होतं. "गाढवाला गुळाची चव काय," असं म्हणून तिनं विषय गमतीवारी नेला. रत्नप्रभेला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. कारण ह्या नव्या हेडफोनची वायर एकाच बाजूनं यायची, डाव्या. उलटा घातला की वायर उजवीकडून लोंबायची, लांबूनसुद्धा दिसेल अशी. तिनं दुसऱ्याच दिवशी एकदा फिरवून पाहिला. पाठारे साहेब जाता जाता हसून म्हणाले, उलटा घातलात बाई, वायर डावीकडे येते, आणि स्वतःच्या हातानं त्यांनी तो सरळ करून दिला.

त्यानंतर साहेब खोलीबाहेर गेले की ती पट्टी पुढे ओढून उजवी चकती डाव्या कानाशी नेऊन घाईघाईनं ऐकायची. दहा सेकंद, कधी पाच. जमलं तर. सगळं आयुष्य त्या पाच-दहा सेकंदांवर. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात तसं तीन आठवडे काही घडलं नाही.

गणपतीला पंधरा दिवस राहिले तशी आरत्यांच्या कॅसेटची झुंबड उडाली. यंत्रं थांबायची नाहीत, टेबलांवर खोक्यांची थप्पी. त्या गडबडीत एका मंगळवारी जयंतीला दुपारी एकला निघावं लागलं. तिच्या आईला गावाहून आणलेलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या दिवशी ठरलेलं. अर्ध्या दिवसाची रजा मागायची तर ह्या दिवसांत मिळाली नसती. मग बायकांनी नेहमीचं केलं. ह्या खोलीतला तो अलिखित रिवाजच होता. एखादीला जावं लागलं की तिचा माल दुसरीनं ऐकायचा आणि खोक्यात चिठ्ठी मात्र जी गेली तिच्याच नंबरची टाकायची. ती दिवसभर होती असं कागदावर दिसतं, पाठारे साहेब दुपारनंतर पलीकडच्या गाळ्यात असतात, कुणाला काही पत्ता लागत नाही. शुभाच्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी असंच झालं होतं, रत्नप्रभेच्या डॉक्टरच्या दिवशीही.

जयंतीनं आपल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा रत्नप्रभेच्या हातात दिला. तीन लॉट होते. ऐकशील ना, म्हणाली. रत्नप्रभेनं घेतला. नाही कसं म्हणणार होती.

तिचे स्वतःचे लॉट होतेच. वर हे तीन. तिनं जयंतीच्या लॉटमधली पहिली कॅसेट लावली, डाव्या कानात गायकाचा आवाज आणि पेटी चोख आली. उजवी चकती फिरवून ऐकायला हवी हे तिला कळत होतं. पण शुभा मागंच बसली होती, दारात हमाल खोक्यांसाठी उभा होता, आणि तिच्या मनानं तिला समजावलं की एवढे दिवस काही झालं नाही, आजच कशाला होतंय. तिन्ही लॉट तिनं तसेच ऐकले आणि तिन्हीत चार नंबरची चिठ्ठी टाकली.

नवव्या दिवशी खोकी परत आली. दादरच्या एका दुकानदाराकडून आधी, मग ठाण्याहून, मग गिरगावातून. कॅसेट वाजत होती, पण एकाच बाजूच्या स्पीकरमधून. टाळ नाही, झांज नाही, मागं म्हणणारी मंडळी नाहीत. नुसता एकटा माणूस पेटीवर आरती म्हणतोय, घरात कुणी गेल्यासारखा. एका यंत्राचं उजवं डोकं, म्हणजे उजवीकडचा आवाज टेपवर उतरवणारा भाग, त्या दिवशी बंद पडलेलं आणि तसाच हजारावर माल बाहेर गेलेला. सणाच्या तोंडावर. शेठ लालबुंद होऊन आला. ज्याला दोन कान आहेत त्याला अशी कॅसेट पहिल्या मिनिटाला कळायला हवी, असं तो दोन्ही गाळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. खोक्यांत चिठ्ठी चार नंबरची.

जयंतीला आत बोलावलं. रत्नप्रभा आपल्या टेबलावर बसून होती, कानावर हेडफोन, कॅसेट फिरत होती, तिला त्यातलं काही समजत नव्हतं. जयंती सांगणार. सांगणारच, आणि सांगितलंच पाहिजे. मग आपल्याला विचारतील. तेव्हा काय म्हणायचं ते ती मनात जुळवत होती आणि ते काही केल्या जुळत नव्हतं.

पाठारे साहेब कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही. ते उजव्या बाजूला होते. त्यांनी टेबलावर बोट आपटलं तशी तिनं मान वर केली. चकती थोडी बाजूला सरकवली, तीही सवयीनं उजवीच. साहेब वाकून हळू बोलत होते, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांच्या मिशीमुळे ओठ दिसत नव्हते. यंत्रांची घरघर, त्यातून "जयंती" एवढं एक नाव आणि शेवटचा "ना?" तिच्यापर्यंत पोचला. तिनं मान डोलावली.

साहेबांनी पुन्हा काहीतरी विचारलं. तिनं पुन्हा डोलावली. ते सुस्कारा सोडून निघून गेले.

चहाच्या सुट्टीत शुभा तिच्या डाव्या बाजूला येऊन बसली. तिचे डोळे भरलेले होते. "रत्नाताई, असं का सांगितलंत तुम्ही?"

काय सांगितलं, हे रत्नप्रभेला विचारताही येईना. पण शुभा स्वतःच बोलत सुटली. शुभाचं टेबल मागंच होतं, केबिनच्या दाराशी, तिनं आतलंही आणि बाहेरचंही सगळं ऐकलं होतं. जयंतीनं आधी बराच वेळ तोंड उघडलं नव्हतं. शेठ कामावरून काढतो म्हणाला तेव्हा ती म्हणाली की मी त्या दुपारी नव्हते, हा गुन्हा माझा, पण माल रत्नानं ऐकलाय, आणि रत्नाच्या कानाखालून अशी कॅसेट जाणं शक्यच नाही, म्हणजे माल इथून चांगलाच गेला असणार, घोळ पुढं कुठंतरी झालाय. तिला रत्नप्रभेकडे बोट दाखवायचं नव्हतं. तिला तिची साक्ष हवी होती. आणि साहेबांनी येऊन विचारलं होतं, जयंती म्हणते ती नव्हती, हे ती अंग काढून घ्यायला सांगतेय ना? तिचा माल तिनंच ऐकला ना? त्यावर रत्नप्रभेनं दोनदा मान डोलावली होती. बाकीच्या कुणी साक्ष द्यायला पुढे होणार नव्हत्या, कारण चिठ्ठ्यांचा रिवाज उघडा पडला तर सगळ्यांचंच काम गेलं असतं.

चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची. त्या पंधरा मिनिटांत रत्नप्रभेनं जेवढा विचार केला तेवढा संपाच्या दोन वर्षांतही केला नसेल. जाऊन सांगायचं की मला प्रश्न कळला नाही. का कळला नाही? ऐकू आलं नाही. ऐकू का आलं नाही? आणि मग कॅसेट कशी ऐकलीत, बाई? किती महिने अशा ऐकताय? कुठल्याही दारानं आत शिरलं तरी वाट त्याच खोलीत जात होती. बहिरी चेकर. तिला हा कारखाना ठेवणार नाही आणि दुसरा घेणार नाही. गुणाजी उंबऱ्यावर, अनुपमा सातवीत. जयंतीचं काय, जयंतीचा नवरा बेस्टमध्ये आहे, दीर आहे, तिचं घर बसणार नाही. हा हिशेब तिनं केला. तो हिशेब बरोबर होता, आणि करताना तिला स्वतःची किळस आली हेही खरं.

साडेतीनला तिला आत बोलावलं. छोटीशी केबिन. शेठ खुर्चीत, पाठारे साहेब तिच्या डाव्या हाताला, जयंती उजव्या. जयंतीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट रत्नप्रभा आत आली तशी ती जरा सैल झाली. नुसत्या मान डोलावण्यावर तिचा विश्वास बसलेला नव्हता. साहेबांनीच काहीतरी उलटसुलट विचारलं असेल, आता रत्ना आली, आता ती नीट सांगेल, असं ते तोंड होतं. ते तोंड रत्नप्रभेनं एकदाच पाहिलं.

"शेठसमोर पुन्हा विचारतो," पाठारे साहेब म्हणाले. ह्या खेपेला डावीकडून, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. "त्या मंगळवारी चार नंबरचा माल कुणी ऐकला? तुम्ही की जयंतीबाईंनी?"

रत्नप्रभेला सगळं ऐकू आलं होतं. पंख्याचं करकरणंसुद्धा.

"तिनंच," ती म्हणाली.

जयंती भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. स्पंज घेऊन साहेबांच्या टेबलापर्यंत गेलेली बाई. पण शेठनं पुढं केलेल्या कागदावर तिनं सही केली, खाली ठेवलेली पिशवी उचलली, आणि दाराकडे जाताना रत्नप्रभेपाशी थांबली. उजव्या बाजूला. अगदी कानाशी वाकून तिनं काहीतरी विचारलं. चार-सहा शब्द असतील. रत्नप्रभेला तिचा श्वास गालावर लागला, केसांतल्या अबोलीचा वास आला. शब्द एकही आला नाही.

रत्नप्रभेनं मान डोलावली.

ती सवय होती, दुसरं काही नाही. पण जयंतीचा चेहरा पांढराफटक पडला. ती दार लोटून गेली. त्यानंतर दोघी आठ वर्षं एकाच ओळीत राहिल्या, एकाच नळावर पाणी भरलं, आणि जयंती तिच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. तिनं काय विचारलं होतं ते रत्नप्रभेला कुणाला विचारता आलं नाही. आपण कशाला हो म्हणालो ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.